पाचही गाणी जलद

नागोठण्याचा पूल अजून यायचा होता आणि गाणे संपले होते.

गेली सहा वर्षे मी सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला कामावर जातो, आणि सहा वर्षे हे गाणे मी एकाच ठिकाणी लावत आलो आहे. कासू स्टेशन सुटले, फलाटावरचा शेवटचा बाक मागे सरकला, की कानात. मग भाताची खाचरे, मधेच साचलेल्या पाण्याचा एखादा तुकडा, दूर कारखान्याच्या उंच नळीवर दिवसाही न विझणारी ज्योत, आणि गिटारची शेवटची तार विरत असताना गाडीखाली अंबा नदीच्या पुलाचा आवाज. गाणे कुठे संपते आणि पूल कुठे सुरू होतो हे मला कित्येकदा कळलेले नाही. त्या दिवशी मात्र तार विरली आणि खिडकीबाहेर अजून खाचरेच होती. जिना संपल्यावरही एक पायरी आहे असे समजून टाकलेला पाय जसा जमिनीवर आपटतो, तसे काहीतरी छातीत झाले. मग परीक्षणासाठी आलेल्या नव्या निवडक संग्रहातले पुढचे गाणे लागले आणि त्याच्या दुसऱ्या ओळीवर पूल आला. मी मोबाइलच्या पडद्याकडे पाहिले. सहा मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. माझ्याजवळच्या जुन्या कॅसेटवरून मी मोबाइलवर उतरवून घेतलेले हेच गाणे सात मिनिटे पंचवीस सेकंदांचे आहे. जवळजवळ अर्धे मिनिट कोणीतरी काढून घेतले होते.

या वाद्यवृंदाचे नाव ग्रॅनरी रोड. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा ते कॅसेटच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने ‘ग्यानरी रोड’ असे लिहिलेले होते, आणि पुढे कितीतरी वर्षे मला तो मुंबईतला एखादा रस्ता वाटत असे. चार इंग्रज तरुण, सत्तरचे दशक, पाच तबकड्या, आणि मग चौघांची आपापसांत कोर्टकचेरी. त्या भांडणात गाणी अडकून पडली. ती दुकानात मिळेनात, इंटरनेटवरही येईनात. अंधूक उजेडातल्या दोन कार्यक्रमांच्या चित्रफिती तेवढ्या कोणीतरी टाकलेल्या होत्या. त्यांत हे लोक फार घाईने वाजवतात असे मला वाटे, आणि रंगमंचावर सगळेच घाईत असतात अशी समजूत मी स्वतःच्या मनाची घालत असे. माझ्याजवळ बाबांची कॅसेट होती. तिच्यावर आठ गाणी होती. पेणपासून रोह्यापर्यंतच्या या सगळ्या पट्ट्यात, मिठागरांपासून रसायनांच्या टाक्यांपर्यंत, ही आठ गाणी फक्त मलाच ठाऊक आहेत ही भावना मी वयाच्या बाराव्या वर्षापासून अंगावर वागवत होतो. ती माझी एकुलती मालमत्ता होती. शाळेत मी बोलत नसे, कॉलेजात बोललो नाही, आणि बोलत नसण्याचे कारण आपल्याजवळ आहे हे मला त्या गाण्यांमुळे वाटत असे.

गेल्या वर्षी भांडण मिटले, म्हणजे भांडणारे संपले. चौघांपैकी एकटा ड्रमर उरला होता, एक्याऐंशी वर्षांचा. त्याने जुन्या फिती काढून सोळा गाण्यांचा निवडक संग्रह तयार केला. पुण्याहून निघणाऱ्या एका संगीतविषयक वेब-मासिकाच्या संपादक सुरभी यांनी तो मला परीक्षणासाठी पाठवला. त्यांच्यासाठी मी दोन वर्षे लहान टिपणे लिहीत होतो. आम्ही कधी भेटलो नव्हतो. या वेळी त्या फोनवर म्हणाल्या होत्या, “सुजय, हे नीट उतरलं ना, तर सहायक संपादकाची जागा तुमची. मी वरती बोलून ठेवलंय. पुण्यात राहावं लागेल, चालेल ना?” चालेल ना! आठवडाभर मी ते वाक्य खिशात घालून फिरत होतो. गाडीत, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, घरी पापडांच्या वासात. दिवसभर गाणी ऐकायची आणि त्यांच्याविषयी लिहायचे, याला कोणी काम म्हणेल, त्यासाठी जगात एक खुर्ची असेल, हेच मला पुरेसे अद्भुत वाटत होते.

सोळांपैकी अकरा गाणी माझ्या कॅसेटवर नव्हती. ती मी आदल्या दिवशी घरी ऐकली होती आणि शांतपणे, न्यायाने ऐकली होती. निवडक संग्रहात एक मूळचाच अन्याय असतो. प्रत्येक गाणे आपल्या शेजाऱ्यांतून उठवून आणलेले असते. मूळ तबकडीवर ज्या रडक्या गाण्यानंतर ते हसत येई, ते रडके गाणे इथे नसते, आणि हसू उगाचच वाटते. ग्रॅनरी रोडची तिसरी तबकडी, जिच्यात म्हणे त्यांनी सर्वांत जास्त धाडस केले, तिच्यातले एकच गाणे घेतले होते. प्रसिद्ध गाणी पुढे लोटली होती, अवघड गाणी शेवटी, जेवणावळीत उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी बसवली होती. हे सगळे मी टिपून ठेवले होते. माझ्या ओळखीची पाच गाणी मात्र मी राखून ठेवली, गाडीसाठी. ती घरात ऐकण्याची मला सवय नव्हती.

आणि ती पाचही जलद निघाली. नुसती जलद नव्हे, तर किंचित वरच्या पट्टीत. गायकाचा तो खोल, थकलेला, विहिरीतून आल्यासारखा आवाज कुठेच नव्हता. त्याच्या जागी एक उमदा, जवळजवळ उद्धट तरुण गात होता. सर्वांत वाईट गोष्ट त्या पुलाच्या गाण्याची. त्याच्या ध्रुपदात एक शब्द दोनदा येतो. लहानपणी मला तो ‘हळू, हळू’ असा ऐकू येई आणि एका इंग्रज माणसाला आपली भाषा यावी याचे मला नवल वाटत नसे. पुढे इंग्रजी आल्यावर मी ठरवले की तो शब्द ‘हॉलो’ असणार, म्हणजे पोकळ, रिते. त्या रितेपणावर मी कॉलेजच्या अंकात चार पाने लिहिली होती. संग्रहाच्या पुस्तिकेत गाण्याचे नाव छापले होते, ‘हॉलर’. हॉलर म्हणजे मोठ्याने हाक मार, ओरड. आणि कानांतला तो तरुण खरोखरच ओरडत होता.

मला राग येत नाही, निदान येतो तेव्हा तो मला सापडत नाही. त्या सकाळी सापडला. रोहा स्टेशनवर उतरल्यावर मी कंपनीकडे जाणाऱ्या धाटावच्या रिक्षात बसलो नाही; फलाटावरच्या बाकावर बसलो आणि वीस मिनिटांत परीक्षण लिहून काढले. अकरा गाण्यांवरची सगळी टिपणे बाजूला सारली. मी लिहिले की या पाच गाण्यांचा वेग वाढवलेला आहे. की आजच्या उतावळ्या श्रोत्याला सात मिनिटे धीर धरवणार नाही म्हणून एका महान दुःखाला पळायला लावले आहे. की पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्या वृद्ध ड्रमरने ‘मूळ फितींना मी हात लावलेला नाही’ असे सहीनिशी लिहिले आहे, ते खोटे आहे. त्याच झपाट्यात मी लेख पाठवून दिला आणि शिफ्टला पाऊण तास उशिरा पोहोचलो.

मी एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. पिंपांतून आलेले नमुने तपासायचे आणि पास की फेल ते सांगायचे. प्रत्येक मालाची एक लहान बाटली आम्ही तीन वर्षे राखून ठेवतो. त्यासाठी मागे एक खोली आहे, बिनखिडकीची, थंड, भिंतीभर कपाटे. तिथे कोणी येत नाही, म्हणून मी तिथे जातो. साडेअकराला सुरभीबाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

“सुजय, काय लिहिलंय तुम्ही! मला वाटलं होतं तुम्ही नेहमीसारखं नाजूक-नाजूक लिहाल. हे तर थेट आरोपपत्र आहे. कुणाच्याच लक्षात आलं नाहीये हे, माहितीये? मी परदेशातली चार परीक्षणं वाचली, एकात नाही.”

“हो?” मी म्हणालो.

“आठ वाजता लावतोय आपण. आणि त्या जागेचं झालं असं समजा. पुढच्या महिन्यापासून. आईला सांगून टाका.”

मी बाटल्यांकडे पाहत उभा राहिलो. आनंद झाला होता, पण तो शेजारच्या घरात झाल्यासारखा, भिंतीपलीकडून ऐकू येणारा. कुणाच्याच लक्षात आले नाही, हे वाक्य मी पुन्हा म्हणून पाहिले. सकाळी ते ऐकले असते तर अभिमान वाटला असता. जगात एकट्या मलाच कळले. मग मला बाबा आठवले, म्हणजे जो एक बाबा मला आठवतो तो. बाबा खलाशी होते, धरमतरच्या खाडीत ये-जा करणाऱ्या माल वाहणाऱ्या बार्जवर. मी सहा वर्षांचा असताना पावसाळ्यातल्या एका तापाने ते गेले. माझ्याजवळ त्यांचे एवढेच आहे. खाडीकाठच्या घरात सकाळची वेळ, खाटेवर पाठ टेकून डोळे मिटलेले बाबा, उशाशी टेपरेकॉर्डर, आणि त्यातून येणारे ‘हळू, हळू’. त्यांच्या पायांना वाळलेला चिखल आहे. ते काही बोलत नाहीत. ज्या माणसाने इंग्रजीचे एक अक्षर न समजता हे दुःख ओळखले आणि त्यापुढे डोळे मिटून घेतले, त्याचा मी मुलगा आहे, ही माझी स्वतःविषयीची सर्वांत जुनी समजूत. पोरे खेळायला बोलवत तेव्हा मी जात नसे. मुंबईच्या कंपनीने बोलावले तेव्हाही गेलो नाही. जाण्यासाठी जो वेग लागतो तो माझ्या रक्तातच नाही, असे मला मनापासून वाटत होते.

तीनच्या सुमाराला एका मालाचे पाच नमुने आले. मी एकामागून एक तपासले. पहिला फेल, दुसरा फेल. पाचही फेल. मी अहवाल लिहायला घेतला. निकेश माझ्याबरोबर काम करतो, रोह्याचाच आहे. त्याने मागून वाकून पाहिले.

“पाचच्या पाच?”

“हो. मालच खराब आहे.”

“कवी, जरा डोस्कं वापर,” तो म्हणाला. मी काहीतरी लिहितो एवढे त्याला ठाऊक आहे आणि तेवढ्यावर त्याने माझे नाव ठेवले आहे. “एक फेल गेला तर माल खराब. पाचच्या पाच फेल गेले तर माल नाय, आपलं स्टँडर्ड बघायचं. काढ ती बाटली.”

स्टँडर्ड म्हणजे आमचे प्रमाण द्रावण, ज्याच्याशी ताडून बाकी सगळ्यांचा निकाल लावायचा ते. बाटलीचे बूच सैल होते. तीन आठवड्यांपूर्वी मीच भरून ठेवलेली बाटली होती. आत जे होते ते आता दुसरेच काहीतरी झाले होते, आणि मी त्याच्या भरवशावर पास-फेल सांगत बसलो होतो. निकेश हसला. “माल बिचारा कोर्टात उभा, नि जज्जच दारू पिऊन बसलाय. चल, परत कर सगळं.”

मी नवे द्रावण केले. नमुने पुन्हा लावले. पाचही पास झाले. आणि हात धूत असताना, नळाखाली, मला सकाळची पाच गाणी आठवली. सोळांपैकी नेमकी पाच. माझ्या कॅसेटवरची पाच. जी अकरा मी आधी कधी ऐकली नव्हती त्यांच्यात मला काहीच दोष दिसला नव्हता. मी नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिले. कोणी त्या पाचच गाण्यांना हात लावला असेल, तर त्या माणसाला पेणमधल्या एका पोराच्या कपाटात कोणती कॅसेट आहे हे ठाऊक असायला हवे होते.

त्याच क्षणी फोन करता आला असता. केला नाही. खात्री नाही, असे मी मनाशी म्हणालो. खरे म्हणजे खात्री नको होती. परतीच्या गाडीत कानात काही घातले नाही. बाहेर निडी गेले, नागोठणे गेले, पुलाचा आवाज नुसताच आला, लोखंडाचा, कशाचाही शेवट नसलेला. माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या आणि दोन्हींना भिंती होत्या. लेख छापून येऊ दिला तर मी पुण्याला जाणार होतो, एका म्हाताऱ्या माणसाला खोटारडा ठरवून, आणि तिथल्या खुर्चीवर रोज बिघडलेल्या कानांनी निकाल देत बसणार होतो. लेख मागे घेतला तर मी इथेच राहणार होतो, कासू आणि नागोठण्याच्या मध्ये, आणि आता ते गाणेसुद्धा माझे राहणार नव्हते.

पेणला उतरून मी थेट दिनानाथकाकांच्या दुकानात गेलो. आता तिथे झेरॉक्स आणि मोबाइलचे रिचार्ज मिळते. पूर्वी ते कॅसेट भरून देत. कॅसेटच्या पुठ्ठ्यावरचे ‘ग्यानरी रोड’ हे त्यांचेच अक्षर. मी काउंटरपाशी उभा राहिलो, आणि काय विचारायचे ते न सुचून एकदम म्हणालो, “काका, माझ्या बाबांना तुम्ही एक इंग्रजी कॅसेट भरून दिली होती. ती हळू आहे का?”

दिनानाथकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की झेरॉक्स काढायला आलेली बाई दचकली.

“आयला, रघूच्या! तू आता आलास तक्रार घेऊन? तुझा बाप त्याच दिवशी संध्याकाळी आला होता.”

“बाबा? तक्रार घेऊन?”

“तर! भांडला माझ्याशी. ‘दिनू, माझा गोरा आजारी पाडलास!’ इथं उभा राहून. दहा माणसं गोळा झाली.” ते अजून हसत होते. “अरे, माझ्याकडं दोन डेक होते. ज्याच्यात मूळ कॅसेट लावायचो त्याचा रबरी पट्टा ढिला झालेला. नवीन मुंबईहून आणायचा, कोण जातो? मग कॅसेट फिरायची मंद, नि कॉपी भरायची तीपण मंद. वर्षभर अख्ख्या पेणला मी तशाच कॅसेटी दिल्या. लग्नाची गाणी, भजनं, सगळं. कोण बोललं नाय. एक बुवा तर म्हणाले, दिनानाथ, तुझ्याकडची भजनं फार शांत वाटतात.”

“मग बाबांना दुसरी का नाही भरून दिली?”

“देणार होतो की. पण मूळची कुठं होती? कुठल्यातरी बोटीवरच्या खलाशाची होती ती, दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली. बोट निघून गेली. रघू बोलला, ऱ्हाऊ दे आता, मेला तर मेला.” चष्मा पुन्हा नाकावर आला. “अजून वाजते का रे ती? कमाल हाय. बस, चहा सांगतो.”

मी बसलो नाही. रस्त्यावर माणसे नेहमीच्या चालीने चालत होती आणि ती मला भरभर चालल्यासारखी वाटत होती. एक गाव वर्षभर ढिल्या पट्ट्यावर ऐकत राहिले, आणि मग सगळे त्यातून बाहेर पडले. कॅसेटी फेकल्या, रेडिओ ऐकला, मुंबईला गेले. आत एकटाच मी राहिलो होतो, दार उघडे असताना.

घरी आई पापड निवडत होती. आई, म्हणजे सगुणा, बाबा गेल्यावर मला घेऊन खाडीकाठचे गाव सोडून पेणमध्ये आली आणि पोह्याच्या पापडांवर तिने मला वाढवले. वाळलेले पापड एका बाजूला, तडा गेलेले दुसऱ्या; तिची बोटे पापडाकडे न पाहता ठरवतात. साडेसात वाजत आले होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि मोबाइलवर नवे गाणे लावले. काही सांगितले नाही. पहिल्या चार ठोक्यांवर तिची बोटे थांबली.

“अगो बाय!” ती म्हणाली. “ह्योच तो! ह्यो कुटं सापरला तुला?”

“कोण?”

“बापसाचा गोरा. पयली जी आनलेली ना बोटीवरून, तवा दोन दिस असाच गायाचा. तू तवा झाला पन नव्हतास.” ध्रुपद आले, तो तरुण ओरडू लागला, आणि आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. “हां, आईक! बापूस तुजा उटून नाचाचा यावर. बोलाचा, ‘सगुने, बग गो, ह्यो गोरा बोलतंय हलू हलू, नि पलतंय कसा बैल सुटल्यासारका!’ बारक्या पोरांना पन हसवाचा. मंग दिनूनं ती कॉपी दिली, नि त्यात तो खराच हलू चालाला लागला. मंग कसलं हसतंय मानूस? सगली मजाच गेली त्यातली.”

“पण बाबा ऐकायचे ती,” मी म्हणालो. “खाटेवर पडून. डोळे मिटून. मला आठवतं.”

आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत थट्टा होती, आणि मग थट्टा संपून दुसरेच काहीतरी आले.

“तो झोपाचा रे, बाला. रातभर भरतीवर काम करून यायाचा, सकाली आडवा. तू लावाचास टेप, त्याच्या उशाशी. मी बोलाची, बंद कर, बापूस झोपलाय. तो बोलाचा, ऱ्हाऊ दे, पोरगा बसतंय ना जवल.”

गाणे चालूच होते. मला वाटले होते की काहीतरी कोसळेल, पण तसे काही झाले नाही. खोली होती तशीच होती, पापडांच्या पिठाचा वास होता, आईच्या मांडीवर तडा गेलेला एक पापड होता. फक्त खाटेवरचा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर कूस बदलून खरोखर झोपी गेला. तो दमला होता. त्याला कोणतेही दुःख ऐकू येत नव्हते. तो एका विनोदाचा मालक होता आणि तो विनोद यंत्राने मारला होता, आणि त्याच मेलेल्या विनोदाशेजारी मी तेवीस-चोवीस वर्षे मान खाली घालून बसलो होतो.

आठला वीस मिनिटे होती. मी उठून दारात गेलो आणि सुरभीबाईंना फोन लावला.

“तो लेख लावू नका,” मी म्हणालो.

“म्हणजे? अहो, मुखपृष्ठावर घेतलाय.”

“माझी कॅसेट हळू होती. मूळ गाणी अशीच आहेत. त्या ड्रमरने लिहिलंय ते खरं आहे.”

मग त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “सुजय, ऐका. तुम्ही जे ऐकलंत ते लिहिलंत. परीक्षण म्हणजे दुसरं काय असतं? ‘खोटे’ हा शब्द काढू, ‘असं वाटतं’ करू. तो ड्रमर काय मराठी वाचणारे का? आणि लेख इतका सुंदर झालाय.”

तो सुंदर झाला होता हे मला माहीत होते. माझ्या हातून तसा पुन्हा होणार नाही हेही.

“नका लावू,” मी म्हणालो. “मी दुसरा लिहून देतो. साधा असेल.”

“आठ वाजता मी काय लावू, ते सांगा.” त्यांनी श्वास सोडला. “ठीक आहे. काढते. त्या जागेचं... आपण नंतर बोलू, हं.”

‘नंतर’ या शब्दाला त्यांच्या तोंडी शेवट होता. फोन बंद झाला. समोरच्या घरात कोणी भांडी घासत होते. मी दाराची चौकट धरून उभा होतो, आणि मला पुण्यातली ती खुर्ची, जी मी कधी पाहिली नव्हती, अगदी स्पष्ट दिसत होती, कोणीतरी दुसरे तिच्यावर बसेपर्यंत.

“कोनाचा फोन?” आईने विचारले.

“कामाचा.”

“मंग लाव परत. मदीच बंद केलंस.”

मी आत येऊन बसलो. गाणे पुन्हा सुरू केले. आईने पापडांच्या डब्याचे झाकण उपडे केले आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. वाकडी झालेली, सांधे सुजलेली बोटे, पण ठोका नेमका. मीही गुडघ्यावर हात मारू लागलो. हे गाणे मला पाठ आहे, त्यातला प्रत्येक श्वास पाठ आहे. तरी माझा हात प्रत्येक वेळी ठोका पडून गेल्यावर पडत होता. मी लक्ष एकवटले, घाई केली. मग तो आधी पडला, मग पुन्हा उशिरा.

“मागं ऱ्हातंस,” आई म्हणाली.

“मला येत नाही.”

“न यायाला काय हाय त्यात?” तिने माझे मनगट धरले. तिच्या हाताला पिठाचा खरखरीतपणा होता आणि पकड अनपेक्षितपणे घट्ट होती. तिने माझा हात उचलला आणि झाकणावर आपटला, उचलला आणि आपटला, त्या ओरडणाऱ्या माणसाच्या बरोबरीने. हात दुखत होता. ते सात मिनिटे चालले, सातालाही दोन सेकंद कमी. मी तो सोडवून घेतला नाही.